शाळेतलं तंत्रज्ञान कमी करायचंय : काय ठेवावं, काय काढावं?

पाटी_पेन्सिल
नमस्कार मंडळी. शाळा सोलापूरच्या हद्दीलगतची, पहिली ते सातवी, पट २१२, वर्गखोल्या ७. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले दीड लाख रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे आहेत. बहुतेकांचं म्हणणं, एक मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने चालणारा फळ्याएवढा पडदा) घेऊ. त्याआधी आहे त्या सामानाची यादी केली. संगणक १०, पैकी चालू ६. प्रोजेक्टर २, त्यातल्या एकाचं चित्र पिवळट. टॅब १४, कपाटात. ४३ इंची टीव्ही १, ऑफिसात. प्रिंटर ३, तिघांची शाई वेगवेगळी. इन्व्हर्टर १, बॅटरी १५० एएच (अँपिअर-तास). आणि पालक-शिक्षकांचे मिळून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ११.

माझं मत असं की नवीन घेण्याआधी यातलं बरंच काढावं, आणि जे उरेल ते रोज चालेल असं करावं. जूनमध्ये शाळा भरायच्या आत ठरवायचंय. जाणकारांनी नेमकं सांगावं, भाषण नको. 🙏

खडूफळा
यादी वस्तूंची केलीत, आता दुसरी तासिकांची करा. इयत्ता आणि विषय घेऊन बसा आणि प्रत्येक घटकापुढे लिहा : इथे फळ्यावर काय जमत नाही? चौथीला भागाकार फळ्यावर जमतो. सहावीला पृथ्वीचं परिभ्रमण किंवा हृदयाचे ठोके फळ्यावर थांबून राहतात, तिथे हलतं चित्र लागतं. कवितेला चाल लागते, म्हणजे आवाज लागतो, पडदा नाही लागत. पूर्ण शाळेची अशी यादी काढली की पडदा खरोखर लागणारे घटक एका इयत्तेला वर्षभरात तीस-चाळीसच्या पुढे सहसा जात नाहीत. खरेदीची गरज त्या आकड्यावरून मोजा.

शेंगाचटणी
घ्या की पॅनेल. दीड लाख आलेत तर पोरांना दिसू दे काहीतरी नवं!

मल्टीमीटर
@शेंगाचटणी, पॅनेल घ्यायला हरकत नाही, पण आधी विजेचा हिशेब बघा. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे १८०० वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाताशी ९०० धरा. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो, उरले ७२०. टीव्ही ९०, लॅपटॉप ४५, एक पंखा ७५, बेरीज २१० वॉट. हे सुमारे साडेतीन तास चालेल. ७५ इंची पॅनेल सव्वातीनशे-साडेतीनशे वॉट घेतो. पंख्यासकट दीड-पावणेदोन तासांत बॅटरी बसली, आणि ऑफिसातलं सरकारी पोर्टलवर माहिती भरायचं काम तिथेच थांबलं.

त्याच्याही आधी अर्थिंग तपासा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी ठक्क होते आणि रोध वाढतो. संगणकाच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. मल्टीमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्या : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. पाचच्या वर गेलं तर खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का, पट्टीचा नट गंजलाय का ते पाहावं लागेल, वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी खड्ड्यात. यात खर्च जवळजवळ नाही आणि सगळ्या उपकरणांचं आयुष्य त्यावर आहे.

जुळे_सोलापूरकर
मला हा सूरच पटत नाही. शहरातल्या मोठ्या फीच्या शाळांत वर्गावर्गात पॅनेल, आणि साधेपणाचा धडा मात्र ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही त्या मुलांना? ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने कमी करावं. आपल्या मुलांनी पाचवीपासून माऊस, कीबोर्ड, फाइल, फोल्डर हे हाताने केलंच पाहिजे. नाहीतर पुढे प्रवेशाचे फॉर्म भरायलाही दुसऱ्याच्या दुकानात उभं राहायचं.

खडूफळा
@जुळे_सोलापूरकर, मुद्दा खरा आहे आणि मनाला लागणारा आहे. पण पॅनेलवर बोट शिक्षकाचं फिरतं, मुलाचं नाही. तुम्ही म्हणता ते हाताने करणं संगणकावर होतं, आणि यादीतले चार संगणक बंद आहेत. मुलांचं नुकसान तिथे आहे. दीड लाखातला पहिला रुपया त्या चार यंत्रांवर जावा.

हिशेब बघा. सात वर्गांना एक पॅनेल म्हणजे मुलांना त्या खोलीत न्यावं लागणार. ३५ मिनिटांच्या तासिकेत जाऊन बसायला पाच, परतायला पाच. पहिली-दुसरीला त्याहून जास्त.

बिनवायर
बंद संगणकांबद्दल. भंगारात काढायच्या आधी चार गोष्टी पाहा.

१. चालू होतो पण तारीख २००९ किंवा २०१० दाखवतो? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा गोल सेल संपलाय. उन्हाळी सुट्टीत यंत्र दीड महिना बंद राहिलं की हे हमखास होतं. तारीख चुकली की वेबसाइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत, ब्राउझर लाल इशारा देतो, आणि सगळे म्हणतात नेट गेलं. सेल फार तर ५० रुपयांचा. जुना नखाने सोडवायचा, नवा अधिकची बाजू वर ठेवून दाबायचा, मग बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख लावायची.

२. तीनदा बीप वाजून पडदा काळा? बहुधा रॅम. काढा, सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने पुसा, परत बसवा.

३. चालू व्हायला दहा मिनिटं लागतात? हार्ड डिस्क काढून तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) घाला आणि रॅम ४ जीबी करा. संगणक जुना असेल तर रॅम डीडीआर३ की डीडीआर४ हे दुकानात जाण्याआधी पाहून घ्या. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, जबरदस्तीने बसवायला गेलं तर स्लॉट फुटतो.

४. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. इतक्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. मुलांच्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका, तिची एक्सएफसीई आवृत्ती हलकी आहे. एक विंडोजचा संगणक ऑफिसात ठेवा, स्कॅनर आणि पोर्टलच्या कामापुरता.

मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकावरच शिकवा. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, कळफलक एकदा हाताला बसला की कुठल्याही यंत्रावर चालतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिका दुसरीकडे उघडल्या की अक्षरांचा खिचडा होतो, त्या हळूहळू युनिकोडमध्ये आणा.

अक्षरओळ
४३ इंची टीव्ही पुरतो की नाही यावर उगाच वाद होतो, मोजून बघा. त्या पडद्याची उंची साधारण ५३ सेंमी. बारा ओळी भरल्या तर एका ओळीच्या वाट्याला साडेचार सेंमीही नाहीत, आणि देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, म्हणून मूळ अक्षर त्याच्या निम्मं. वीस फुटांवरच्या मुलाला ते काय दिसणार? सहा ओळींच्या वर जाऊ नका.

चाचणी सोपी आहे. पडद्यावर "शुद्ध" आणि "शुध्द" शेजारी लिहा. शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारा, दोन्हींत फरक कुठे आहे. बोट दाखवून सांगता आला तर टीव्ही पुरतो. न आल्यास अक्षर वाढवा किंवा मुलांना पुढे सतरंजीवर बसवा. पॅनेलवरही हीच चाचणी घ्या. पडदा मोठा मिळाला की मजकूरही वाढतो आणि अक्षर तेवढंच राहतं.

माढेकर
आमच्या तालुक्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ. १० लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं निम्मं अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिलं. त्यांचं काम कशावर गाजलं? पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर. छापील कागदावरचा एक चौकोन, न वीज लागते न दुरुस्ती. याहून साधं काय असणार?

पूर्वभाग
@माढेकर, अभिमान आम्हालाही आहे. फक्त चौकोन कागदावर असला तरी तो उघडायला फोन आणि डेटा लागतो. यंत्रमाग, विडी, शिलाईवर पोट असलेल्या घरांत फोन एकच, आणि तो दिवसभर कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात. म्हणून २०२० मध्ये नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. मूल गल्लीतून जाता-येता वाचायचं. ना चार्जिंग, ना पासवर्ड.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या शहरात मुलं घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात आणि शाळेत मराठी. पहिलीत "वाटी", "पळी", "उंबरा" हे शब्द ऐकून-ऐकूनच बसतात. त्यासाठी दीड-दोन मिनिटांच्या ध्वनिफिती पुरेत : आधी घरच्या भाषेत एक वाक्य, मग तेच मराठीत, मध्ये मुलांना म्हणायला मोकळी जागा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पंखा बंद ठेवून, फोन तोंडापासून वीतभर लांब. पाच वॉटचा स्पीकर वर्गाला पुरतो.

खडूफळा
वा, पूर्वभाग. ती मधली मोकळी जागा महत्त्वाची आहे. तयार व्हिडिओत ती नसते, मूल नुसतं बघत राहतं. मोकळी जागा चार-पाच सेकंदांची ठेवा. मोठ्यांना ती फार वाटते, पहिलीच्या मुलाला तेवढी लागतेच.

बिनवायर
क्यूआरच्या डेटावर उपाय आहे. दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपमध्ये धडा आधी डाउनलोड करून ठेवता येतो, मग वर्गात नेट लागत नाही. शनिवारी अर्धा दिवस असतो तेव्हा पुढच्या आठवड्याचं उतरवून ठेवायचं.

पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावणार असाल तर दोन अडचणी ठरलेल्या. पेनड्राइव्ह दिसतच नाही : बऱ्याच जुन्या टीव्हींना एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचता येत नाही, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आवाज येतो पण चित्र नाही : फाइल एच.२६५ या नव्या व्हिडिओ प्रकारात आहे, तो जुन्या टीव्हीला कळत नाही. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये एच.२६४, एमपी४, ७२० निवडून बदलून घ्या. ४३ इंचांना ७२० पुरतं आणि फाइलही लहान होते.

विज्ञान-गणितासाठी कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशनं बघा, बरीचशी मराठीत आहेत. एचटीएमएल फाइल उतरवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. विद्युत परिपथ, अपूर्णांक, घनता या तीन फाइली तरी घ्याच.

सावली
सगळे कमी करा म्हणत आहात, त्यात एक वर्ग निसटतोय. कमी दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या मुलांना उपकरण ही चैन नाही, तो त्यांचा हात आहे. सरसकट टॅब काढू नका. चौदातले दोन चांगले वेगळे ठेवा. एकावर टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) चालू करून मराठी आवाज डाउनलोड करून ठेवा, दुसऱ्यावर भिंग आणि मोठं अक्षर. संगणकावर विंडोज असेल तर पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्रॅम मोफत आहे, त्यातला ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. उच्चार जरा यांत्रिक आहेत, सवयीने कळतात. लिनक्सवर तशाच कामाचा ओर्का आहे, पण त्यात मराठी आवाज जुळवायला वेळ लागतो. म्हणून या मुलांचा संगणक विंडोजचाच राहू द्या.

आणि मूकबधिर मुलासाठी व्हिडिओला मराठी उपशीर्षकं नसतील तर तो व्हिडिओ त्याच्यासाठी बंदच आहे, कितीही मोठ्या पडद्यावर लावा.

पाटी_पेन्सिल
@सावली ताई, हे माझ्या यादीत सुटलं होतं. दोन टॅब बाजूला काढतोय. बाकी बाराचं काय करू? तिघांच्या पाठी फुगल्यासारख्या दिसतात.

मल्टीमीटर
फुगलेले तीन आजच वेगळे करा! चार्जिंगला लावू नका, दाबू नका, स्क्रू काढून बघू नका. लिथियम बॅटरी फुगते म्हणजे आत वायू झालाय. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, डबा वर्गाबाहेर, सावलीत, मुलांचा हात पोचणार नाही असा, झाकण घट्ट न लावता.

कारण आपलं हवामानच आहे. पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट मेमध्ये तव्यासारखं तापतं. त्यात १०० टक्के चार्ज करून बंद ठेवलेली बॅटरी सगळ्यात लवकर जाते, शून्यावर ठेवलेली कधीकधी परत उठतच नाही. सुट्टीआधी ४०-५० टक्क्यांवर आणून बंद करायचे, स्लॅबच्या खोलीत ठेवायचे, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायचं. उरलेल्यांत अँड्रॉइड किती जुनं आहे ते पाहा. अ‍ॅप चढत नसतील तर ध्वनिफिती ऐकवायला वापरा, त्याला नवं अँड्रॉइड लागत नाही.

जुळे_सोलापूरकर
वाळूच्या डब्याची माहिती प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागली पाहिजे. पण बाकीचं भंगार शाळेतून बाहेर कसं काढायचं? डेडस्टॉकला (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) नोंद असते, त्याला कोणी हात लावत नाही, म्हणून खोल्या अडकून पडतात.

माढेकर
निर्लेखन करा की, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून रीतसर काढून टाका. डेडस्टॉक रजिस्टरवरून वस्तूचं नाव, खरेदी तारीख, किंमत, पान क्रमांक, सद्यस्थिती अशी यादी. दुरुस्ती परवडत नाही असा तंत्रज्ञाचा लेखी शेरा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव. मंजुरी आल्याशिवाय एक वायरसुद्धा विकू नका. मंजुरीनंतर ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रणवाल्यालाच द्यायचा आणि पावती रजिस्टरला चिकटवायची. हार्ड डिस्कवरची सगळी माहिती आधी पुसून, त्यात मुलांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात.

शेंगाचटणी
बरं, पॅनेलचा हट्ट सोडला. पण टीव्ही ऑफिसातच बसणार का मग? आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ११ ग्रुप कुणी बघितले नाहीत का? मला तर तेच सगळ्यात जड वाटतंय.

खडूफळा
बरोबर बोललात. मुलांच्या पडद्यावर चर्चा होते, शिक्षकांच्या पडद्यावर होत नाही. वर्गात शिकवताना फोन वाजतो आणि "माहिती तातडीने भरा" येतं, तिथे तासिका मोडते. अकरातले तीन ठेवा : पालकांचा एक, शिक्षकांचा एक, समितीचा एक. पालकांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करा. दिवसाला एकच सूचना, संध्याकाळी पाचला, आणि तीच सूचना खडूने फाटकाच्या फळ्यावर. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी फाटकाचा फळा हाच ग्रुप. गृहपाठ ग्रुपवर टाकायचा नाही, तो मुलाच्या वहीत. पोर्टलची माहिती एका ठरलेल्या तासात, ऑफिसातल्या संगणकावर. पोषण आहाराची दैनंदिन नोंद त्यातून वगळावी लागेल, ती त्या दिवशीच जाते.

अक्षरओळ
टीव्ही ट्रॉलीवर घ्या आणि वर्गावर्गात न्या. वेल्डरकडून करून घ्यायची तर चाकं चार इंची रबरी हवीत, दोन ब्रेकची. जुन्या खोल्यांना दोन-दोन इंचांचे उंबरे आहेत, छोटं प्लॅस्टिकचं चाक त्यात अडकलं की वरचा टीव्ही पुढे झुकतो. टीव्हीचा मधला भाग बसलेल्या मुलाच्या डोळ्यांपेक्षा थोडाच वर हवा. खालच्या फळीवर एक्स्टेंशन बोर्ड आणि वजनाला दोन विटा. खिडकीसमोर लावू नका, खिडकी बाजूला घ्या.

आणि एक साधी जोडणी. लॅपटॉप टीव्हीला जोडा, लॅपटॉपला केबलने फोन जोडा, scrcpy हा मोफत प्रोग्रॅम चालू करा, फोनचा कॅमेरा टीव्हीवर दिसतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी डिबगिंग चालू करावं लागतं, एकदाच. प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडला फोन आडवा अडकवा, कागदापासून फूटभर उंच. आता त्याखाली मुलाची वही ठेवा. ५०३ वजा २४७. मूल पेन्सिलने पाचाला काट मारतं, वर चार लिहितं, मधल्या शून्यावर दहा लिहितं आणि तिथेच थांबतं, त्या दहाचे नऊ करायला विसरतं. उत्तर येतं २६६. ही पेन्सिल कुठे अडखळली ते चाळीस मुलं एकदम बघतात आणि कुणीतरी मागून सांगतं, "त्याचे नऊ कर." कुठल्याही तयार अ‍ॅनिमेशनमध्ये ही चूक सापडणार नाही, कारण ती त्या मुलाची आहे. नाव झाकून ठेवा, वही दाखवण्याआधी त्याला विचारा.

जुळे_सोलापूरकर
हे पटलं. पण माझी अट कायम : दहाही संगणक चालू, आणि पाचवी ते सातवीला आठवड्याला दोन तासिका, एका यंत्रावर दोनच मुलं. वर्गाचे दोन गट करा, एक संगणकावर, एक वाचनालयात. दहा मिनिटांनी माऊस दुसऱ्याच्या हातात.

पूर्वभाग
प्रोजेक्टरचं राहिलं. धूळ बसू नये म्हणून टॉवेल टाकायची आपल्या गावाला सवय, टॉवेल घरोघरी. टेरी टॉवेलचे तंतू सुटतात आणि जाळीत जाऊन बसतात, हवा अडते आणि प्रोजेक्टर तापून आपोआप बंद होतो. चादरीचंही तेच. धुतलेल्या पातळ सुती कापडाचा खोळ शिवा, आणि पंखा थांबून यंत्र गार झाल्यावरच घाला. जाळी पंधरा दिवसांनी कोरड्या मऊ ब्रशने.

मल्टीमीटर
पिवळट चित्राचा एलसीडी प्रोजेक्टर असेल तर दिवा बदलून पैसे घालवू नका. उष्णतेने आतल्या निळ्या पॅनेलचा पोलरायझर गेलेला असतो. तो निर्लेखनाच्या यादीत टाका.

पाटी_पेन्सिल
सर्वांचे मनापासून आभार. समितीपुढे असं मांडतोय : अर्थिंगची दुरुस्ती, आठ संगणकांना एसएसडी आणि रॅम, टीव्हीची ट्रॉली, पहिली-दुसरीला दोन स्पीकर, फळ्यांना काळ्या रंगाचे दोन हात. प्रिंटर एकच, काळ्या शाईचा. पिवळट प्रोजेक्टर, दोन प्रिंटर आणि फुगलेले टॅब निर्लेखनात. ग्रुप तीन. उरलेली रक्कम दोन वर्षं बँकेत, देखभालीला. पॅनेलचा प्रश्न पुढच्या जूनला, तासिकांची यादी हातात घेऊन.

एक शंका. आठच संगणक कारण दोघांचे मदरबोर्डच गेलेत. जुळे_सोलापूरकरांची दहाची अट कशी पाळू?

बिनवायर
त्या दोघांचे मॉनिटर आणि कीबोर्ड चालू आहेत का ते आधी बघा. असतील तर फक्त जुन्या वापरलेल्या सीपीयू पेट्या दोन घ्या, इंटेलच्या आयथ्री प्रोसेसरच्या, चौथ्या पिढीच्या पुढच्या. घेताना दुकानातच अर्धा तास चालू ठेवून बघा. आणि हो, दहाही यंत्रांचे सेल एकदम बदला, वर स्टिकरवर तारीख लिहा.